ओवाळणी आणि वाटा

भाऊबीजेला आत्या आली ती एसटीचं तिकीट नाचवतच. "हे बघ, अर्धं. मला म्हातारी म्हणून, आणि तू पुण्याहून आलीस ती बाई म्हणून. आता सांग, हे तुझ्या स्त्रीवादाने दिलं की पक्षाने?"

चपला काढायच्या आधी भांडण, ही आमची जुनी रीत. आत्या पंचवीसेक वर्षं राजकारणात होती. पंचायत समितीवर निवडून आली, मग तालुक्याच्या महिला आघाडीची अध्यक्ष झाली. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण ते दोनदा बदललं. तिला छेडलं की म्हणते, "मी कुठं गेले? मी होते तिथंच होते, पक्षच इकडचा तिकडं झाला." मी पुण्यात एका स्त्री संघटनेच्या सल्ला केंद्रात काम करते. कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नाही, असं आमच्या पहिल्याच कागदावर लिहिलेलं आहे. आत्या त्याला आमचं सोवळं म्हणते.

"पक्षाने दिलं," मी म्हटलं, "पण २०२३ मध्ये. निवडणुका दिसायला लागल्यावर."

"मग कधी देणार? पुढाऱ्याला मतांची भूक लागली की त्याची मूठ सैल होते. तेवढ्यात काढून घ्यायचं असतं. तुम्ही निवेदनं देता. आम्ही भूक लावतो."

अण्णा द्राक्षाच्या छाटणीवर गेले होते, आई देवापाशी. आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथीची जुडी सोडून बसलो.

"एका वाक्यात सांग बरं," आत्या म्हणाली, "स्त्रीवाद म्हणजे काय. चावडीवर सांगता येईल असं."

हा प्रश्न मला शिबिरात शंभरदा विचारलेला आहे आणि दर वेळी मी तो लांबवलेला आहे. या खेपेला प्रयत्न केला. "बाईला काय द्यायचं याची चर्चा पक्ष करतो. ते ठरवायला बसलंय कोण, हे आम्ही विचारतो."

"टाळ्या पडतील. मतं नाही पडायची. आणि हा शब्दच मुळात पुण्या-मुंबईचा."

"शब्द नवा असेल. पण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापली १८८२ साली. काँग्रेस जन्माला आली १८८५ ला. कुठल्याही पक्षाने तिकीट द्यायच्या आधी वऱ्हाडातल्या एका बाईने अख्ख्या पुरुषजातीला जाब विचारला होता."

"पुढं काय झालं त्या पुस्तकाचं?"

इथे मी अडकले. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, पण एरवी पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत. आत्याला हे माहीत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघूनच तिने ताडलं.

"बघ. पाठीशी माणसं नसली की बाईचं पुस्तक नव्वद वर्षं माळ्यावर पडतं."

"माणसं म्हणतेस, तर काँग्रेसइतकी माणसं कुणाकडे होती? १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं एक मोठं कारण हिंदू कोड बिल रखडवलं हे होतं. बहुमत होतं, पंतप्रधान अनुकूल होते, तरी पक्षातल्याच लोकांनी पाय ओढले. नंतर तुकड्यातुकड्याने कायदे केले. १९५६ चा वारसा कायदा आला तेव्हाही वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा हक्क मुलग्यालाच राहिला."

"ते मला सांगू नको," आत्या एकदम कोरडं म्हणाली. "ते मला पाठ आहे."

तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या आणि विषय मुंबईवर नेला. १९७२ चा दुष्काळ, तेल-साखर-रॉकेलची महागाई, आणि लाटणी-थाळ्या वाजवत रस्त्यावर आलेल्या बायका. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. एकमेकींच्या पक्षांचं जमो न जमो, या दोघी एका मोर्चात चालल्या. १९७७ मध्ये दोघी लोकसभेत गेल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा आमच्या घरात आत्यामुळेच मला लहानपणी माहीत झाली.

"गोरेगावला नळ आले ते पक्षाच्या बाईमुळं, मृणालताईंमुळं."

"आणि दिल्लीवाली इंदिरा गांधीही बाईच होती की. देशावर राज्य करत होती. तिच्यामुळे तिच्या पक्षात बायकांची रांग लागली का? महाराष्ट्राला १९६० पासून एक बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही. गोव्याला १९७३ मध्ये शशिकला काकोडकर मिळाल्या, त्याही वडिलांच्या पाठी रिकाम्या झालेल्या खुर्चीवर."

"बसल्या ना? सहा वर्षं राज्य केलं. कशी बसली हे बापईगड्याला कुणी विचारत नाही."

हे मात्र खरं. घराणेशाहीची चौकशी आपल्याकडे बाईपासून सुरू होते.

एका उदाहरणावर आम्ही दोघीही हक्क सांगतो. गर्भजल परीक्षेने मुली पोटातच मारल्या जात होत्या, तेव्हा ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या बिगरपक्षीय गटांनी माहिती गोळा केली, दवाखान्यांसमोर निदर्शनं केली, डॉक्टरांशी वाद घातले. विधानसभेत मृणालताईंनी प्रश्न लावून धरला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने बंदीचा कायदा केला, तो देशातला पहिला. केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं. मी म्हणते, आंदोलन नसतं तर सभागृहाला पत्ताही लागला नसता. आत्या म्हणते, सभागृहात आपली बाई नसती तर आंदोलन दवाखान्याच्या फाटकावरच राहिलं असतं. दोघींचं बरोबर आहे आणि दोघींपैकी कुणी ते मान्य करत नाही.

"तू चांदवडचं का सांगत नाहीस?" मी विचारलं.

आत्याचा चेहरा बदलला. १९८६ चा नोव्हेंबर. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन. लाखावर बायका होत्या असं सांगतात. आत्या म्हणते, मोजायला कोण गेलं होतं, डोळ्यांत मावत नव्हत्या. आतोबांनी ट्रॅक्टरची ट्रॉली जोडून दिली आणि स्वतः घरी म्हशीचं बघायला राहिले. गावात त्यावरून त्यांची वर्षभर थट्टा झाली. ट्रॉलीत अकरा जणी, भाकऱ्यांची गाठोडी, दोन तान्ही पोरं.

"थंडी होती. रात्री मांडवातच झोपलो. आयुष्यात पहिल्यांदा मी घराबाहेर, नातेवाइकाच्या घरी नाही, अशी झोपले. झोपले कसली, जागीच होते. शेजारी परभणीची एक बाई. ती म्हणाली, माझ्या नावावर घरात काय आहे माहितीये? फक्त मंगळसूत्र, आणि तेही सावकाराकडे. आम्ही हसलो. इतक्या हसलो की पलीकडच्या उठून बसल्या."

तिथेच ठराव झाला की जिल्हा परिषदेच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या, आणि एकदोन नाही, सगळ्या जागा. पुढे जळगाव जिल्ह्यात विटनेरसारख्या गावात सगळ्या बायकांची ग्रामपंचायत आली. मग लक्ष्मीमुक्ती आली. नवऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा.

"आम्ही सगळ्या जागा म्हटलं. सरकारने १९९० मध्ये तीस टक्के दिल्या. ताट मागितलं, वाटी मिळाली," आत्या म्हणाली. "पण पोरी, त्याआधी वाटीसुद्धा नव्हती. त्याच वाटीतून मी १९९७ ला पंचायत समितीवर गेले."

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर एक तृतीयांश जागा आल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्या केल्या.

"पण चांदवड कुणी केलं?" मी मुद्दा सोडला नाही. "शेतकरी संघटना तेव्हा पक्ष नव्हती. म्हणून तर ती 'सगळ्या जागा' म्हणू शकली. पक्षाला दुसऱ्या दिवशी आपल्याच माणसांची समजूत घालावी लागते."

"आणि पक्ष नव्हती म्हणून जागा वाटायला तिच्या हातात काही नव्हतं. १९९४ मध्ये संघटनेच्याच शरद जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढलाच ना शेवटी?"

"काढला. आणि २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक आलं, तेव्हा मतदान किती झालं?"

आत्या काही बोलली नाही. १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. चिठ्ठ्या टाकून राखीव मतदारसंघ फिरवत राहण्यावर त्यांचा आक्षेप होता, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. राखीव वॉर्डात पाच वर्षं राबलेल्या बाईला पुढच्या सोडतीत वॉर्ड गेल्यावर घरी बसताना आम्ही दोघींनीही पाहिलेलं आहे. तरीही चांदवडच्या मांडवात रात्रभर जागलेल्या बाईने ती बातमी टीव्हीवर पाहिली तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"वाटायचं काय? त्यांना आमची मोजणी आवडायची, आमची चिठ्ठी नाही आवडली," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण चांदवड त्यांनी केलं. ते काढून घेता येत नाही."

२०२३ मध्ये लोकसभेने ते आरक्षण ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. मात्र आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग जागा, असा तो कायदा आहे. लोकसभेची आणि आपल्या विधानसभेची २०२४ ची निवडणूक त्याच्याशिवाय पार पडली. "कायदा लागू झाला नाही म्हणून पक्षांनी तिकिटं देऊ नयेत असं कुठे लिहिलंय?" मी म्हटलं. "२८८ जागांची आपली विधानसभा. २०१४, २०१९, २०२४, एकदाही पंचवीस बायका निवडून आल्या नाहीत. ४५४ मतं देणाऱ्या पक्षांना हे कायद्यावाचून करता आलं नसतं?"

आत्या हसली. "तिकीट कसं ठरतं माहितीये तुला? अर्ज भरायच्या आदल्या रात्री, विश्रामगृहावर, एक-दोनच्या सुमाराला. बाई तिथं गेली तर गावात बोलणी, न गेली तर नावावर काट. गेलेच मी एकदा, भाच्याला बरोबर घेऊन. आत सगळे ओळखीचे. 'ताई, तुम्ही कशाला त्रास घेतला, आम्ही आहोत ना.' मग म्हणाले, तुमच्यात निवडून येण्याची क्षमता किती? सभेला ट्रॅक्टर भरून बायका आणायची क्षमता होती, रेल रोकोत पोलिसांपुढं पहिली फळी धरायची क्षमता होती, साहेब आले की औक्षणाचं ताट धरायची तर होतीच होती. निवडून यायची तेवढी नव्हती."

"हेच तर मी म्हणतेय."

"तू म्हणतेस ते बाहेर बसून. मी आत बसून म्हणते. त्या खोलीत मी नसते तर हे तुला सांगितलं कुणी असतं?"

मग अर्थातच लाडकी बहीण निघाली. जुलै २०२४ पासूनचे महिन्याचे दीड हजार. आत्याचं म्हणणं, पैसे बाईच्या खात्यात येतात ही साधी गोष्ट नाही. तिच्या वस्तीतल्या कितीतरी जणींनी त्यासाठी पहिल्यांदा स्वतःचं खातं काढलं, बँकेत स्वतः जाऊन अंगठा दिला, आणि त्या पैशांतून कुणी शिलाईयंत्र घेतलं, कुणी दाताची कवळी बसवली. "कवळीसाठी नवऱ्याकडे पैसे मागणं काय असतं ते तुमच्या परिसंवादात येतं का?"

नाही येत. मी कबूल केलं. पण नावावर माझं अडतं. "योजनेला बहीण म्हटलं की देणारा भाऊ होतो. सरकार भाऊ कधीपासून झालं? नागरिक म्हणून जे येतं त्याला हक्क म्हणतात. भावाने घातली तर ती ओवाळणी. ओवाळणी किती घालायची ते भाऊ ठरवतो, आणि ताटात काय पडलं ते बहिणीने मोजायचं नसतं. विरोधकांनी काय केलं? तीन हजारांचं वचन दिलं. म्हणजे भांडण कोणता भाऊ जास्त घालणार एवढंच. बहीण लाडकी कुठवर असते आत्या? वाटा मागत नाही तोवर."

हे मी नेहमीच्या ओघात बोलून गेले. भाषणात बोलते तसं. आत्याने मेथीची टोपली खाली ठेवली.

तिच्या उत्तराआधी एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तिच्याच तालुक्यातली एक मुलगी आमच्या केंद्रात आली होती. डोकं फोडलेलं. पोलीस ठाण्यात तक्रार घेत नव्हते. आमच्या वकीलबाईंनी तीन फोन केले, कायद्याची कलमं सांगितली, काही हललं नाही. शेवटी मी आत्याला फोन केला. अर्ध्या तासात गुन्हा नोंदला गेला. पक्षाशी संबंध नसलेल्या आमच्या संघटनेचं ते काम पक्षाच्या एका म्हातारीने केलं. अहवालात आम्ही ते लिहिलं नाही.

दुसरी गोष्ट आत्याची. ती आघाडीची अध्यक्ष असताना अशीच एक पोर तिच्या दारात आली होती. फक्त सासरा पक्षातला वजनदार माणूस होता. वरून निरोप आला, ताई, घरातलं घरात मिटवा. आत्याने मिटवलं. मुलीला साडी-चोळी करून नांदायला पाठवलं. सहा महिन्यांत ती आपली आपण निघून आली आणि आता बाजारपेठेत ब्लाऊज शिवते. आत्या समोरून आली तर मान खाली घालून मशीन चालवत राहते. हे मला आत्यानेच सांगितलं आहे, दोनदा, आणि दोन्ही वेळा शेवटी ती "पक्षात असं होतं" म्हणाली नाही, "मी केलं" म्हणाली. पक्षाबाहेर राहण्याबद्दलचं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं आणि आत्याबद्दलचं बदललं.

तर आत्या म्हणाली, "वाट्याचं बोलतेस ना? मग ऐक. १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क दिला. देशाचं पहिलं महिला धोरणही त्याच साली. आम्ही आपापल्या व्यासपीठावरून हार घातले. पण त्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. माझं लग्न १९७४ चं. मग २००५ मध्ये दिल्लीचा कायदा बदलला, लग्न कधी का झालेलं असेना, मुलगी ती मुलगी. २००६ मध्ये तुझे आजोबा गेले. उताऱ्याला वारस म्हणून माझं नाव लागायची वेळ आली, आणि तुझा बाप मला दुय्यम निबंधकाकडे घेऊन गेला. आधी हॉटेलात जेवू घातलं. पैठणी घेतली. मी सही केली. हक्कसोड."

मला हे माहीत होतं. जसं घरातलं सगळं सगळ्यांना माहीत असतं तसं.

"तेव्हा मी आघाडीची अध्यक्ष. पुढच्याच आठवड्यात महिला मेळाव्यात बोलले, विषय होता बाईचा संपत्तीतला हक्क. चांगलं बोलले. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही. सही कर असं पक्षाने सांगितलं नव्हतं. नको करू असं तुमच्या चळवळीने सांगितलं नव्हतं. भावाचं दार बंद होऊ नये एवढंच डोक्यात होतं. तू तेव्हा पुण्याला कॉलेजात होतीस. फी कुठून येत होती?"

द्राक्षाच्या पैशातून. तिच्या वाट्याच्या दीड एकरावरही तीच बाग उभी आहे.

"कायदा पक्षांनीच केला," ती म्हणाली. "तीन वेळा केला, दर वेळी थोडा बरा केला. आता सुप्रीम कोर्टानेही २०२० मध्ये शिक्का मारला की हक्क जन्मापासूनचा. पण निबंधकाच्या टेबलापाशी ना तुझी संघटना येते ना माझा पक्ष. तिथं भाऊ असतो."

"म्हणून तर स्त्रीवाद घरापासून सुरू होतो," मी म्हटलं.

"मग कर सुरू."

अण्णा आले. आत्याने त्यांना पाटावर बसवलं, टिळा लावला, सुपारी-अंगठी ओवाळली, दिवा ओवाळला. अण्णांनी ताटात पाकीट ठेवलं. आत्याने ते न उघडता पिशवीत टाकलं आणि डोळे पुसले, दरवर्षी पुसते तसे. मग मी दादाला ओवाळलं. त्याने नवा फोन दिला.

गेल्या पाडव्याला दादाने वकिलाकडून माझ्या नावाचं हक्कसोडपत्र करून आणलंय. ते अण्णांच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली आहे. सहीची जागा अजून कोरी आहे.